जुळलेलं रक्त

“याआधी कधी दिवस गेले होते तुला?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाही.”

“महिना चुकला आणि मग आपोआप पडून गेलं, असं काही?”

“नाही.”

“कुणाकडून काढून घेतलं होतंस? लग्नाआधी वगैरे?”

हे त्यांनी खवचटपणानं विचारलं नव्हतं. माझ्या दंडाला पट्टा बांधून त्या रक्तदाब बघत होत्या आणि त्यांचं निम्मं लक्ष पलीकडच्या खाटेवरच्या बाईकडे होतं. पण माझ्या उशाशी सासूबाई उभ्या होत्या, आणि खिडकीपाशी माझा नवरा.

“नाही, बाई,” मी म्हणाले.

माझं बाळ आदल्या दिवशी गेलं होतं. मुलगा होता. जन्मला तेव्हा वॉर्डातल्या बायका मुद्दाम बघायला आल्या, इतका गोरा. सासूबाईंनी त्याच्या कानामागे काजळाचा ठिपका लावला आणि म्हणाल्या, “आमच्या घरात एवढं गोरं कुणी झालं नाही.” ते गोरेपण नव्हतं. पोराच्या अंगात रक्तच नव्हतं, हे संध्याकाळी कळलं. तोवर तो पिवळा पडायला लागला होता. आधी डोळे, मग कपाळ, मग हळद माखल्यासारखी छाती. पोट फुगलेलं, रडणं मांजराच्या पिलाएवढं. डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त बदलायला घेतलं. बेंबीतून जुनं थोडं काढायचं, नवं थोडं घालायचं. ते चालू असतानाच तो गेला. मी त्याला एकदाही पाजलं नव्हतं.

“तुझा रक्तगट निगेटिव्ह आहे,” पट्टा सोडत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नवऱ्याचा पॉझिटिव्ह, बाळाचाही पॉझिटिव्ह होता. अशा वेळी आईचं शरीर बाळाच्या रक्ताला परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. ती नाळेतून बाळात गेली की बाळाचं रक्त फुटतं. पण पहिल्या खेपेला असं सहसा होत नाही. पहिल्या वेळी आईच्या शरीराला त्या रक्ताची ओळख नसते. पहिलं सुखरूप होतं आणि दुसऱ्याला भोगावं लागतं. तुझ्या शरीराला ओळख आधीपासून होती. म्हणजे पॉझिटिव्ह रक्त तुझ्या अंगात पूर्वी कधीतरी गेलेलं आहे. बाळंतपणात, गर्भपातात, नाहीतर बाटलीतून. कधी रक्त चढवलं होतं का? ऑपरेशन, अपघात?”

मी आठवून बघितलं. मांडीवर एक जुना व्रण होता, पण तो नांगराचा फाळ लागल्याचा, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. रक्ताचं कुणी काही बोललं नव्हतं.

“नाही,” मी म्हणाले.

“माहेरी विचारून बघ,” त्या म्हणाल्या आणि पलीकडच्या खाटेकडे वळल्या.

माझा नवरा गुरुनाथ दवाखाना होता त्याच तालुक्याच्या गावात हायस्कुलात भूमिती शिकवायचा. त्यानं कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. शाळेत पोरं त्याला भ्यायची ती त्याच्या शांतपणाला. घरी आल्यावर त्यानं मला स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत समोर बसवलं. सासूबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या.

“डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या,” तो म्हणाला. “चढवलेलं रक्त ही एक. ती तू स्वतःच नाही म्हणालीस. बाळंतपण आणि गर्भपात, या दोन उरल्या. दोन्ही निघतात एकाच ठिकाणाहून. बरोबर?”

“मी काही केलेलं नाही हो.”

“ते मी विचारलेलं नाही. माझं म्हणणं बरोबर आहे की चूक, एवढं सांग.”

त्याच्या बोलण्यात कुठंच फट नव्हती.

“कोण होता?” त्यानं विचारलं.

मी रडायला लागले. सासूबाई म्हणाल्या, “रडून काय व्हायचं? आधीचं एक मारलंस म्हणून हे मेलं. त्या बाईनं सरळ सांगितलं आमच्यादेखत.”

“आत्याबाई, देवाशपथ...”

“देवाला मध्ये आणू नको.”

दुसऱ्या दिवशी मला दूध भरून आलं. छाती दगडासारखी झाली आणि पोलक्यावर ओल उमटली. सासूबाईंनी जुनं धोतर फाडून दिलं आणि म्हणाल्या, “आवळून बांध. लोक भेटायला यायलेत, बरं दिसत नाही.” मी न्हाणीघरात बसून भिंतीवर दूध पिळायचे आणि वरून तांब्याभर पाणी ओतायचे. भेटायला येणाऱ्या बायका बाहेर सासूबाईंशी बोलायच्या. पहिल्या दिवशी त्या माझ्यापाशीही येऊन बसल्या होत्या. मग दारातूनच बघून जायला लागल्या. नंतर तेही बंद झालं.

गुरुनाथनं माझ्या वडिलांना निरोप धाडला.

आम्ही वाणी, लिंगायत. अप्पांचं गावात किराणा दुकान होतं आणि ओढ्याकाठी रान होतं. मी त्यांची एकुलती एक. आई मी शाळेत असतानाच वारली. मला आज्जीनं वाढवलं, तीही माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेली. अप्पा मितभाषी माणूस. गिऱ्हाइकाशी बोलायचे तेवढंच माझ्याशी. तरी त्या दिवशी ते दारात दिसले तेव्हा मला वाटलं, आता हे या लोकांना फाडून खातील.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुढ्यातल्या पाण्याला हात लावला नाही. बराच वेळ ते धोतराच्या काठाची दशी ओढत बसले. मग म्हणाले, “रक्त चढवलं होतं.”

“कधी?” गुरुनाथनं विचारलं.

“लहान होती. नुकती शाळेत घालायची होती. रानात विहीर खणायचं काम चालू होतं. सुरुंगाचा दगड उडाला आणि हिच्या मांडीत घुसला. मिशनच्या दवाखान्यात नेली. लई रक्त गेलं होतं.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. “अप्पा, तुम्ही तर फाळ लागला म्हणायचात.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“रक्त कुणी दिलं?” गुरुनाथ म्हणाला.

“मी. बाप मी. दुसरं कोण देणार?”

खोलीतली हवा जरा सैल झाली. सासूबाई खाली बसल्या. मला तर वाटलं, संपलं हे आता.

“मग लग्नाच्या बोलणीत हे का नाही सांगितलं?”

“पोरगी लंगडत नव्हती. सांगण्यासारखं काय होतं?”

“ठीक आहे,” गुरुनाथ उठत म्हणाला. “डॉक्टरांच्या कानावर घालू. तुमचाही गट बघतील. एकदा शंका फिटू दे.”

“मी सांगतोय की.”

“सांगणं वेगळं, सिद्ध करणं वेगळं.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अप्पांच्या बोटाला सुई टोचली. काचपट्टीवर थेंब घेतले, हलवून उजेडाला धरले. मग त्या माझ्याकडे वळल्या.

“ओ निगेटिव्ह. अगदी तुझाच गट. हे रक्त तुला घागरभर चढवलं असतं तरी प्रतिद्रव्यं झाली नसती. ते या रक्तामुळे नाही.”

गुरुनाथनं मान हलवली. बाहेर आल्यावर तो अप्पांना म्हणाला, “बाप लेकीचं झाकणारच. स्वाभाविक आहे. तुम्ही हिला घेऊन जा.” आणि तो रिक्षा बघायला गेला.

आम्ही दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली उभे होतो. मला टाके होते, धड उभंही राहवत नव्हतं.

“अप्पा, खोटं का बोललात?”

“रक्त चढवलं हे खरंय.”

“कुणाचं?”

दातात खडा आल्यावर थुंकावा तसे ते बोलले, “वडार होता एक. विहिरीवरचा. यल्लप्पा.”

“मग हे सांगा ना त्यांना.”

“आज्जीनं शपथ घातली होती, हे कुणाला कळता कामा नये म्हणून. डुकरं खाणाऱ्याचं रक्त वाण्याच्या पोरीत. कोण करून घेणार होतं तुला?”

“तो आहे अजून?”

“असेल. खाणीकडे वस्ती आहे त्यांची.”

“त्याला आणा.”

“नंदा, काय बोलतीयस तू? त्याला त्यांच्या दारात उभा करायचा?”

“मला काय म्हणाले ते ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं. माणसं चार दिवस बोलतात, मग विसरतात. पण हे बाहेर पडलं तर आपल्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल.”

अप्पा वाणी होते. त्यांनी दोन्ही पारडी भरून बघितली होती, कदाचित घरात दशी ओढत बसले होते तेव्हाच. एका पारड्यात मी होते आणि ते वर गेलं होतं.

“तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आले माझ्याबरोबर. खाणीच्या कडेला वडारांची घरं होती, दगडाचीच, वर पत्रे. यल्लप्पा एका गोणपाटाच्या सावलीत पाट्याला टाकी लावत बसला होता. वाळलेला म्हातारा, एका हाताची दोन बोटं गेलेली. अप्पांना बघून तो घाईनं उठला.

“मालक?”

मग त्याची नजर माझ्यावर आली. तो जरा वेळ बघत राहिला.

“ही ती?”

“हो,” अप्पा म्हणाले.

“डावी मांडी.”

“हो,” मी म्हणाले.

तो हसला. “बरी चालती की.” मग मला म्हणाला, “सुरुंग माझाच हुता, पोरी. वात मीच लावली. तू बांधावर हुतीस ते दिसलंच न्हाई. लई दिवस झोप नव्हती मला. बाजारला आलो की दुकानावर विचारायचो, पोरगी कशी हाय. मग मालक म्हणले, विचारत जाऊ नको.”

अप्पांनी त्याला काम सांगितलं. माझ्या सासरी येऊन, रक्त तू दिलंस, एवढं सांगायचं. का ते त्यांनी सांगितलं नाही.

“एवढंच?” यल्लप्पा म्हणाला. “चला की.”

त्यानं पिंपातल्या पाण्यानं हात-तोंड धुतलं, पेटीतला धुतलेला सदरा काढून घातला, पटका नव्यानं बांधला. बसमध्ये तो कंडक्टरला म्हणाला, “या बाईच्या सासरी चाललोय.” त्या रक्ताबद्दल त्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी तो खुशीत होता.

गुरुनाथनं त्याला घराच्या पायरीपाशीच थांबवलं आणि तिथून थेट दवाखान्यात नेलं. यल्लप्पानं बोट पुढं केलं. डॉक्टरीणबाईंनी थेंब उजेडाला धरले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“ओ पॉझिटिव्ह. आता उलगडलं. त्या काळी आडगावच्या दवाखान्यात ए, बी, ओ एवढंच जुळवायचे. निगेटिव्ह-पॉझिटिव्ह बघायची सोय नसायची. पोर मरायला टेकलेली, दुसरं काय करणार? ते रक्त मिळालं नसतं तर ही तेव्हाच गेली असती.” मग त्या मला म्हणाल्या, “पुढच्या खेपेला पहिल्या महिन्यापासून माझ्याकडे ये. अवघड आहे, पण बघू.”

पुढची खेप. त्या दोन शब्दांनी मला किती बरं वाटलं ते आता सांगूनही खरं वाटायचं नाही. घरापर्यंत मी गुरुनाथच्या मागं जवळजवळ पळत गेले, टाके विसरून.

घराला पुढं ओटा होता. अप्पा ओट्याच्या कडेला टेकले. यल्लप्पा खाली रस्त्यावर, भिंतीच्या सावलीत उकिडवा बसला. सासूबाई बाहेर आल्या.

“आई,” गुरुनाथ म्हणाला, “ही खरं बोलत होती. हिचा काही दोष नाही.”

मी पायरीवर पाय ठेवला.

“थांब,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी यल्लप्पाकडे बोट केलं. “ह्याचं रक्त?”

“हो.”

“कोण हा?”

“मी वडार, बाई,” यल्लप्पा म्हणाला. “यल्लप्पा.”

सासूबाईंनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. “आणि ते हिच्या अंगात आहे?”

“तसं नाही, आई,” गुरुनाथ म्हणाला. “ते रक्त काही महिन्यांतच संपलं असणार. त्यानं जे केलं ते मात्र राहिलं.”

“काय केलं?” यल्लप्पानं विचारलं.

गुरुनाथ त्याच्याकडे वळला. मागच्या बाकावरच्या पोरालाही कळावं असं तो शिकवायचा, तसंच त्यानं सांगितलं.

“हे बघ. तुझं रक्त हिच्या अंगात गेलं. हिच्या शरीरानं त्याच्याविरुद्ध एक विष तयार केलं. ते विष इतकी वर्षं हिच्यात राहिलं. मग आमचं मूल हिच्या पोटात आलं. त्या मुलाचं रक्त तुझ्यासारखंच, पॉझिटिव्ह. म्हणून त्या विषानं त्याला मारलं. मागच्या आठवड्यात आम्ही त्याला पुरलं. आता समजलं?”

यल्लप्पा उभा राहिला. त्याला पटका काढावा की ठेवावा ते कळेना. मूल गेल्याचं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

“पोरी,” तो मला म्हणाला, “हे म्हणत्यात ते खरं का?”

माझा एक पाय अजून पायरीवर होता. मी पायरीकडे बघत राहिले.

“वडाराच्या रक्तानं नातू खाल्ला माझा,” सासूबाई म्हणाल्या. “आणि हिला मी चुलीपाशी घेऊ? हिच्या हातचं पाणी पूजेला घेऊ?”

मी गुरुनाथकडे बघितलं. तो डॉक्टर बोलल्या त्या सगळ्याचा विचार करत होता, हे मला त्याच्या कपाळावरून कळत होतं.

“पुढची मुलंही बहुतेक अशीच जाणार,” तो म्हणाला. “त्या अवघड म्हणाल्या, म्हणजे तेच.” मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात, “तुझा दोष नाही, महानंदा. मी चारचौघांत सांगेन तसं. पण दोष नाही एवढ्यावर संसार होत नाही.”

तो आत गेला. माझी ट्रंक त्यानं स्वतः उचलून आणली. आत लुगडी नीट घडी करून ठेवलेली होती. सगळ्यात वर ते फाडलेलं धोतर, धुऊन वाळवलेलं.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. मी खिडकीशी बसले, शेजारी अप्पा. यल्लप्पा पलीकडच्या बाकावर अगदी कडेला टेकला होता. मूठ मांडीवर, दोन बोटं नसलेली. खिडकीबाहेर नुकती कापणी झालेली ज्वारीची रानं जात होती.

“मालक,” यल्लप्पा म्हणाला, “तुम्ही त्यास्नी पुरं सांगितलं न्हाई.”

“गप बस,” अप्पा म्हणाले.

“गपच बसलो इतकी वर्सं. पण आता पोर मारलं म्हणत्यात माझ्यावर.”

“यल्लप्पा.”

“डाक्टरनं पैलं तुमचंच बोट टोचलं हुतं. माझ्या म्होरं. म्हणला, बापाचं जुळतंय, हितं झोपा. तुम्ही बाही वर केली हुती.”

मी अप्पांकडे वळले. ते समोरच्या बाकाच्या दांडीकडे बघत होते.

“मग?” मी विचारलं.

“मग तुजी आज्जी आली,” यल्लप्पा म्हणाला.

“अप्पा, मग काय झालं?”

“मी एकुलता एक होतो,” अप्पा म्हणाले. “रक्त दिलं की माणूस खचतो, असं म्हणायचे तेव्हा. लोकांना काय कळत होतं?”

“आज्जी काय म्हणाली?”

कंडक्टर आला, आमच्याकडे बघून तसाच पुढं गेला. मी अप्पांचा दंड धरला. आयुष्यात मी त्यांना असं कधी धरलं नव्हतं.

“म्हणाली, पोरीपायी पोराचं रक्त सांडू देणार नाही. पोरी काय, आणखी होतील.”

“आणि तुम्ही?”

यल्लप्पानं सांगितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, जे बघितलं तेवढंच त्यानं सांगितलं.

“मालकांनी बाही खाली केली. म्हणून मी वर केली.”

मी अप्पांचा दंड सोडला. डॉक्टरीणबाईंनी अप्पांच्याच बोटातला थेंब उजेडाला धरला होता, माझ्याचसारखा. तेव्हा त्या बाटलीत अप्पांचं रक्त गेलं असतं तर मीही जगले असते आणि माझा मुलगाही. गुरुनाथला सिद्ध करायचं ते सगळं करून झालं होतं. एवढं एकच राहून गेलं होतं.

खाणीचा फाटा आला. यल्लप्पा उठला, दांडी धरून उभा राहिला, पण उतरेना.

“काका,” मी म्हणाले, “तुमच्यामुळं नाही गेलं माझं बाळ.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यानं अप्पांना हात जोडले आणि तो खाली उतरला. बस निघाली तेव्हा तो अजून रस्त्याच्या कडेला उभा होता, सदऱ्याच्या बाहीवरची धूळ झटकत.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. घरात दुसरं कोण होतं? मीच चूल पेटवली, पीठ मळलं. भाकरी थापताना छाती ठणकत होती, पुन्हा ओल आली होती. तिथं कुणाला काही वाईट दिसणार नव्हतं, म्हणून मी ती तशीच राहू दिली. अप्पा पाटावर येऊन बसले. पहिली भाकरी संपवून म्हणाले, “जावयांनी आईच्या तोंडावर तुला निर्दोष म्हटलं. चला, नाव तरी राहिलं.”

मी त्यांना दुसरी भाकरी वाढली.

या सगळ्याला आता चाळीसएक वर्षं होऊन गेली. गुरुनाथनं त्याच वर्षी दुसरं लग्न केलं. पुढं तो मुख्याध्यापक झाला. त्याला तीन मुलं झाली, सगळी नीट आहेत असं ऐकते. मी दुकान सांभाळायला लागले. अप्पा म्हातारे होत गेले, आणि शेवटी नुसते गल्ल्यापाशी बसून असायचे. हिशोब मी करायचे, त्यांचं जेवणखाण, औषधपाणीही मीच करायचे. गावात लोक म्हणायचे, लेक असावी तर अशी.

बाजारच्या दिवशी यल्लप्पा यायचा. मीठ, मिरची घ्यायचा. पिशवी भरून झाली की उगाच घुटमळायचा आणि दर वेळी तेच विचारायचा.

“नक्की ना, पोरी? माझ्यानं न्हाई ना गेलं?”

“नाही, काका,” मी म्हणायचे. “तुमच्यामुळं नाही.”

अप्पा गल्ल्यावरून मान वर करायचे नाहीत. शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा मी तेच जरा मोठ्यानं म्हणायला लागले.